ऑनलाइन केंद्र टाकताय? आधी कीबोर्ड, स्कॅनर आणि अंगठ्याचं यंत्र बघा

यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीत किंवा आसपासच्या गावात कुणी ऑनलाइन कामांचं दुकान टाकायचं ठरवलं की पहिली चौकशी रॅमची आणि प्रोसेसरची होते. उमरखेडहून नाहीतर नांदेडहून बरा संगणक येतो, रंगीत प्रिंटर येतो, दारावर फ्लेक्स लागतो. कीबोर्ड मात्र संगणकासोबत मिळाला तोच, माऊस जुना, स्कॅनर प्रिंटरच्या वर बसवलेला असेल तो, आणि अंगठ्याचं यंत्र कुणीतरी वापरून सोडलेलं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. अर्ज भरणं, कागद अपलोड करणं, केवायसी करणं या कामांना पाच वर्षांपूर्वीचा साधा संगणकही पुरतो. चूक होते ती माहिती आत जाताना. म्हणून हातात पैसा मोजकाच असेल तर तो आधी आत नेणाऱ्या यंत्रांवर घाला.

आत गेलेली चूक बाहेर काढणं किती कठीण असतं, ते सातबाऱ्याने गावोगाव दाखवून दिलं आहे. उतारे संगणकावर चढवताना कुठे नावातला काना राहिला, कुठे क्षेत्राचा आकडा मागेपुढे झाला. ती दुरुस्ती करायची तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. टाइप करणाऱ्याचा एक क्षण, आणि जंगलाकडच्या बंदी भागातल्या शेतकऱ्याच्या उमरखेडच्या चकरा, प्रत्येक चकरेमागे बुडालेली मजुरी. यवतमाळ तर इथून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. केंद्र चालवणाऱ्या मुलामुलींनी हा हिशेब डोक्यात ठेवूनच खरेदीला निघावं.

कीबोर्डपासून सुरुवात करू. दिवसभर टाइप करायचं असेल तर प्रत्येक कळ स्पष्ट दाबली जाते असा, उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट असलेला, वायरचा पूर्ण आकाराचा कीबोर्ड घ्या. बँकांच्या काउंटरवर दिसतात तसे टीव्हीएस गोल्डसारखे मेकॅनिकल कीबोर्ड महाग पडतात, आवाजही करतात. पण कळ लागली की बोटाला कळतं, त्यामुळे अक्षर गाळलं जात नाही आणि दोनदाही पडत नाही. बजेट नसेल तर साधा चालेल, फक्त खरेदी करताना दुकानातच पाच मिनिटं टाइप करून बघा. एफ आणि जे या कळांवर, तसंच आकड्यांच्या गटातल्या पाचावर, बारीक उंचवटा असतो. तो बोटाला नीट लागला पाहिजे, कारण न बघता टाइप करणाऱ्याची खूण तीच.

आता मराठीचं. आजही कित्येक जण कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप करतात आणि पोर्टलवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी का दिसते म्हणून गोंधळतात. त्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो एवढंच. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कोणत्याही संगणकावर, मोबाइलवर, पोर्टलवर मराठीच राहतं. सरकारी पोर्टलवर काम करायचं तर युनिकोडला पर्याय नाही. विंडोजवर वर्षानुवर्षं युनिकोड मराठी ज्या मंगल फॉन्टमध्ये दिसत आली, तो रघुनाथ कृष्ण जोशी या मराठी सुलेखनकाराने घडवला, हे केंद्रात शिकायला येणाऱ्या मुलांना जरूर सांगा.

विंडोजमध्ये मराठी सुरू करायला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये भाषेच्या भागात जाऊन मराठी जोडा, मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदला. पुढचा प्रश्न कोणत्या मांडणीने टाइप करायचं हा. टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटमधून आलेल्यांचा हात रेमिंग्टनवर बसलेला असतो. ज्यांनी कधीच शिकलं नाही ते इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवतात. नव्याने शिकणाऱ्याला मी इन्स्क्रिप्टच सुचवेन. भारतीय मानक ब्युरोच्या 1991 च्या मानकात असलेली ही मांडणी आहे आणि तिच्यामागचा विचार सोपा आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि बऱ्याच व्यंजनांच्या बाबतीत साध्या कळीवर क तर शिफ्टसह ख, साध्या कळीवर ग तर शिफ्टसह घ. आपल्या गावाचं नावच टाइप करून बघा. शिफ्ट धरून चौकटी कंसाची उघडी कळ दाबली की ढ, ई दाबलं की काना, शिफ्टसह सी म्हणजे ण, के म्हणजे क, आर म्हणजे दीर्घ वेलांटी. पाच कळा, ढाणकी. ऱ्हस्व वेलांटी टाइपरायटरसारखी आधी मारायची नाही. आधी अक्षर, मग वेलांटी, जसं आपण उच्चारतो तसं.

एक शब्द मात्र मुद्दाम घोटून घ्या: शेतकऱ्यांना. साधा र, मग हलन्त, मग य मारला तर रफार वर जाऊन बसतो आणि ‘शेतकर्यांना’ असं चुकीचं उमटतं. योजनांच्या फ्लेक्सवर, निमंत्रणपत्रिकांवर हे सर्रास दिसतं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबलं की ऱ येतो. त्यापुढे डी म्हणजे हलन्त आणि तिरक्या रेघेची कळ म्हणजे य. एकदा बोटात बसलं की पुन्हा चुकत नाही. ज्या योजनेचा अर्ज आपण भरतोय ती ज्याच्यासाठी आहे, त्याचं नाव तरी शुद्ध लिहिलं जावं.

लिपिक-टंकलेखक पदाच्या तयारीसाठी सराव करणाऱ्या मुलांनी जाहिरात आणि परीक्षेच्या सूचना आधी वाचाव्यात. वेगाची अट मराठीसाठी मिनिटाला 30 शब्द किंवा इंग्रजीसाठी 40 अशी असते. मात्र प्रत्यक्ष परीक्षेत कोणती मांडणी चालते त्यावर सरावाची दिशा ठरते. वर्षभर एका मांडणीवर हात बसवायचा आणि परीक्षेच्या खोलीत दुसरीच समोर यायची, असं होऊ देऊ नका.

आकड्यांकडे मी जास्त लक्ष द्यायला सांगेन, कारण अक्षर चुकलं तर डोळ्याला खटकतं, आकडा चुकला तर खटकत नाही. आधार क्रमांकाचे 12 आकडे असतात आणि त्यातला शेवटचा आधीच्या 11 वरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर पडताळणीत ते पकडता येतं. बँक खात्याच्या क्रमांकाचा असा भरवसा धरू नका. तिथे चुकीचा आकडा दुसऱ्या कुणाचं तरी खरं खातं असू शकतं. म्हणून खाते क्रमांक पासबुकावरून पाहून भरा, आणि दुसऱ्यांदा भरायच्या रकान्यात कॉपी-पेस्ट करू नका. तो रकाना हातानेच पुन्हा भरण्यासाठी ठेवलेला आहे. आयएफएससी कोडमध्ये 11 अक्षरं असतात आणि पाचवं नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी ओ टाकण्याची चूक सगळ्यात जास्त होते. आकडे भरताना इंग्रजी मांडणीवर या आणि आकड्यांचा गट वापरा. नम लॉकचा दिवा लागलाय ना, तेवढं बघून घ्या.

माऊसबद्दल फार बोलायला नको. वायरचा ऑप्टिकल माऊस घ्या, काचेच्या टेबलावर ठेवू नका. काचेवर त्याला हालचाल धड वाचता येत नाही. खाली साधं पॅड किंवा जाड पुठ्ठाही चालतो. एकदा क्लिक केल्यावर दोनदा लागायला लागला की तो दुरुस्त करत न बसता बदला. ‘सबमिट’ दोनदा लागण्यात एखाद्याचे पैसे दोनदा जाऊ शकतात.

स्कॅनर हा आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. आपल्या तालुक्यात आंध आणि बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी जुने पुरावे लागतात: अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950 पूर्वीचे, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना फेरफार. पिवळा पडलेला, घडीवर विरलेला, शाई फिकी झालेली कागदाची एक चतकोर पट्टी, आणि तिच्यावर एका मुलीचा प्रवेश अवलंबून. तो कागद स्वयंचलित फीडरमध्ये कधीही घालू नका. फीडर रोज येणाऱ्या छापील कागदांच्या गठ्ठ्यासाठी ठीक आहे. विरलेला कागद त्यात अडकला की फाटतो आणि परत मिळत नाही. सपाट काचेचा स्कॅनर हवा. कागद काचेवर ठेवून मागे एक कोरा पांढरा कागद द्या, नाहीतर पातळ कागदातून झाकणाची सावली किंवा मागचा मजकूर उमटतो.

काचेच्या स्कॅनरचे दोन प्रकार बाजारात असतात. स्वस्त आणि पातळ असतात त्यात सीआयएस सेन्सर असतो. त्याला काचेला टेकलेलंच नीट दिसतं. पासबुकाचा किंवा रजिस्टरचा शिवणीकडचा भाग काचेपासून जरा उचललेला असेल तर तिथली अक्षरं धूसर येतात. सीसीडी सेन्सरचा स्कॅनर जाडजूड आणि महाग असतो, पण उचललेला भागही बऱ्यापैकी पकडतो. आपल्या केंद्रात बांधीव रजिस्टर, जुनी पुस्तकं असं काम जास्त येत असेल तर तो घ्या; एरवी सीआयएस पुरेसा आहे. नुसत्या दाखल्यांचं काम असेल तर सीसीडीसाठी कर्ज काढायची गरज नाही.

जुना कागद 300 डीपीआयवर आणि रंगीत स्कॅन करा. काळ्या-पांढऱ्यात फिकी शाई पार निघून जाते, शिक्क्याचा जांभळा रंग आणि अक्षरांचा काळा रंग एकात मिसळतो. 300 डीपीआयवर ए-फोर कागदाचं चित्र साधारण 2480 गुणिले 3508 पिक्सेलचं होतं, फाइल मोठी येते. घाबरू नका, ती मूळ म्हणून ग्राहकाला पेन ड्राइव्हमध्ये किंवा त्याच्या मेलवर द्या, आणि तिची छोटी प्रत काढून अपलोड करा. आपले सरकार पोर्टलवर कागदपत्रासाठी 75 ते 500 केबी आणि फोटोसाठी 5 ते 20 केबी, रुंदी 160 पिक्सेल, अशी मर्यादा सूचनेत दिलेली दिसते. मर्यादा बदलत असतात, म्हणून पानावरची सूचना वाचूनच फाइल करा. फाइल लहान करताना आधी कडेची रिकामी जागा कापा, मग आकार कमी करा, आणि शेवटी शंभर टक्क्यांवर उघडून तारीख आणि शिक्का वाचता येतो का ते बघा. तुम्हाला वाचता येत नसेल तर कार्यालयात बसलेल्यालाही येणार नाही आणि अर्ज त्रुटीत निघेल.

ग्राहक पुष्कळदा कागद व्हॉट्सॲपवर पाठवतात. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरं जातात. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा. आणि दुसऱ्याचे कागद आपल्या संगणकावर साचू देऊ नका. दुकान बंद करताना डाउनलोडचा फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामा करायचा, हा नियमच करून टाका. जिथे आधारची प्रत ओळखीपुरती लागते तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यायला लोकांना शिकवा.

आता अंगठा. ‘थंब येऊन नाही राहिला भाऊ’ हे वाक्य ऐकलं नाही असं केंद्र आपल्या भागात सापडणार नाही. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. तेव्हापासून रेशन, पेन्शन, किसान सन्मान, बँकेचे पैसे असं सगळं बोटाच्या रेषांशी जोडलं जात गेलं. त्या रेषा ज्यांच्या पुसट होतात तेच हात रोज राबणारे असतात. कापसाच्या वेचणीत वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरखडे काढतात, ऊसतोडीत सालं निघतात, हळद उकळण्या-घोळण्याच्या दिवसांत कातडी कोरडी पडते, सिमेंटचं काम करणाऱ्याचं तर विचारूच नका. म्हणून ठसा उमटला नाही तर माणसावर खेकसू नका. दोष बहुतेक वेळा हाताळणीत किंवा यंत्रात असतो आणि त्यावर उपाय असतो.

आधी यंत्राची खरेदी. आधार प्राधिकरणाने आता एल-वन दर्जाच्या यंत्रांवर भर दिला आहे. जुन्या एल-झिरो यंत्रांमध्ये ठशाचं गुप्तीकरण संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायचं, एल-वनमध्ये ते यंत्राच्या आतच होतं, म्हणजे वाटेत ठसा चोरायला वाव राहत नाही. त्यामुळे कुणी जुनं यंत्र स्वस्तात देत असेल तर मोह आवरा. नवं घेतानाही यंत्र आधारशी जोडून देणाऱ्या आरडी सर्व्हिसची मुदत कधीपर्यंत भरलेली आहे हे विचारून बिलावर लिहून घ्या. ती संपली की यंत्र चांगलं असूनही चालत नाही. यंत्र संगणकाच्या मागच्या यूएसबी पोर्टमध्ये थेट लावा. स्वस्त हबमधून पुरेशी वीज मिळत नाही आणि मधेच जोडणी तुटते.

मग हाताळणी. काच मऊ कोरड्या कापडाने पुसा. आधीच्या माणसाच्या बोटाचं तेल तिच्यावर राहतं. ऊन थेट काचेवर पडणार नाही अशा जागी यंत्र ठेवा. समोरच्याला बोटं धुवून पुसायला सांगा. फार कोरडी असतील तर थोडी ओलसर करून पुसली की रेषा बऱ्या उमटतात. पाणी ठिबकत असेल तर मात्र सगळा डाग येतो. बोटाचं टोक टेकवू नका. ‘आजी, बोट आडवं, सपाट ठेवा, दाबू नका’ असं सांगून नखाच्या खालचा गोल फुगीर भाग काचेवर येऊ द्या. अंगठाच हवा असं काही नाही. दहाही बोटं नोंदवलेली असतात. अनामिका किंवा करंगळी कामात कमी झिजते, ती लावून बघा. आणि ज्या बोटाने काम झालं ते त्या माणसाला सांगून ठेवा, पुढच्या वेळी त्रास वाचतो.

तरीही नाही झालं तर दुसऱ्या वाटा आहेत. आधारला डोळ्यांची बुबुळंही नोंदवलेली असतात, मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी चालतो, आणि पीएम-किसानच्या केवायसीसाठी 2023 पासून मोबाइल ॲपवर चेहरा दाखवूनही काम होतं. चेहऱ्याने करताना पाठीमागे उजेड नको, समोरून हवा. फेटा किंवा पदर कपाळावरून थोडा मागे घ्यायला सांगावं लागेल, ते आदराने सांगा. वारंवार अडत असेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्यायला पाठवा. आणि अंगठा लावण्याआधी तो कशासाठी लावतोय हे प्रत्येक वेळी मोठ्याने सांगा, पैसे काढले असतील तर पावती हातात द्या. अंगठा ही सही आहे. निरक्षर माणसाची सही आपल्या यंत्रावर घेताना जबाबदारी आपली.

क्यूआर कोड वाचायला वेगळा स्कॅनर घेणार असाल तर टू-डी लिहिलेलाच घ्या. नुसती लाल लेझर रेघ सोडणारा उभ्या पट्ट्यांचा बारकोड वाचतो, चौकोनी क्यूआर वाचत नाही. असा स्कॅनर संगणकाला बहुधा कीबोर्ड म्हणूनच दिसतो, जे वाचतो ते टाइप करतो. त्यामुळे मराठी मांडणी चालू राहिली असेल तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं पडतात, आणि यंत्र बिघडलं असं वाटतं. आधी मांडणी बदलून बघा.

मोबाइल हे तर आता शेतातलं यंत्र झालं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाचा फोटो आणि ठिकाण नोंदवतो. केंद्रात बसून हे होत नाही, बांधावर जावं लागतं. लोकेशन चालू करून झाडाखालून बाहेर उघड्यावर उभं राहायचं, जागा स्थिर व्हायला थोडं थांबायचं, लेन्स पुसून फोटो घ्यायचा, एवढं सांगितलं तरी निम्म्या तक्रारी मिटतील. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत चांगली चालते. तक्रार अर्जासारखा लांब मजकूर तिने भरा. नावं, गट क्रमांक आणि रकमा मात्र तिच्यावर सोडू नका.

धान्याचा, कापसाचा, हळदीचा व्यापार करणाऱ्यांसाठीही थोडं. वजनकाट्याच्या डिस्प्लेला बहुतेक वेळा आरएस-232 चं पोर्ट असतं. केबलने संगणकाला जोडलं तर वजनाचा आकडा थेट बिलात उतरतो, वाचून लिहिण्यातली चूक जाते. नव्या संगणकाला ते पोर्ट नसतं, मधे यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो, आणि दोन्हीकडे वेगाची सेटिंग सारखी ठेवावी लागते, नाहीतर आकड्यांऐवजी भलतीच चिन्हं येतात. काटा शून्यावर आलेला शेतकऱ्याला दिसेल असा ठेवा.

शेवटची खरेदी मी एका जुन्या मॉनिटरची सांगेन. तो दुसरा पडदा म्हणून जोडा आणि ग्राहकाकडे तोंड करून ठेवा. आपण भरतोय ते त्याला दिसलं की ‘माझ्या बापाचं नाव असं नाही’ हे तो तिथल्या तिथे सांगतो. ज्याला वाचता येत नाही त्याला नाव, गाव, जन्मतारीख, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवा; बंजारा तांड्यावरून आलेल्या आजीला गोरमाटीत सांगता येत असेल तर गोरमाटीत सांगा. तिने हो म्हटल्यावर मग सबमिट दाबा.